आपलीच चाकोरी

गावाकडं परतलेला फौजी शिपाई असो, नायक असो की हवालदार, लोक त्याला मेजरच म्हणतात. तसा मीही मेजर. फौजेत मी एएससीचा, म्हणजे आर्मी सर्व्हिस कोअरचा, ड्रायव्हर होतो. गाडी शिकलो बंगळूरच्या सेंटरला आणि नोकरीतला बराच काळ काढला द्रास-कारगिलच्या अंगाला. आता नांदेड आणि लातूर जिल्ह्यांच्या शिवेवर, लोहा आणि अहमदपूरच्या मधल्या पट्ट्यात शेती करतो. दारात एक जुनी जिप्सी आहे. पावसाळ्यात कुणाची गाडी रानात रुतली की निरोप माझ्याकडं येतो. आणणारा वर हेही ऐकवतो, "तुम्ही बर्फातून गाड्या काढलेली माणसं, आपला चिखल म्हणजे तुम्हाला काय!" मी काही बोलत नाही, कारण त्याचं उत्तर उभ्या उभ्या देण्यासारखं नाही.

द्रासकडं जाताना सोनमर्ग सुटलं की जोजीलाची चढण लागते. खिंड ११,५७५ फुटांवर. सीमा सडक संघटनेचे डोझर आणि बर्फ कापणारी यंत्रं मुख्य रस्ता मोकळा करतात. पण त्या रस्त्याला पोस्टांकडं जाणारे फाटे फुटतात, तिथं यंत्र उद्या-परवा यायचं असतं आणि रॉकेल आजच पोचवायचं असतं. (कुठली पोस्ट, ते सांगायची सवय अजून लागलेली नाही.) याच खिंडीत १ नोव्हेंबर १९४८ ला जनरल थिमय्यांनी स्टुअर्ट रणगाडे चढवले होते. आमचे उस्ताद हा दाखला छाती फुगवून देत आणि त्याच दमात सांगत, रणगाड्याला पट्टा असतो, तुमच्या गाडीला वीतभर रबर आहे, तेव्हा बेतानं.

ताजा, भुसभुशीत बर्फ म्हणजे निम्म्याहून जास्त हवाच. चाक त्यावर चढलं की हवा निघून जाते, बर्फ दबतो आणि घट्ट होतो. म्हणून तिथं गाडी चालवायची रीत अशी: ट्रान्सफरचा दांडा लोमध्ये, गिअर दुसरा, पाय हलका, ब्रेकचं नावच काढायचं नाही. गाडी आपणहून जाईल तिथवर जाऊ द्यायची. पुढं बर्फाचा बांध साचला आणि ती अडली, की रेस न देता थांबायचं. आपल्याच चाकोरीतून सात-आठ हात मागं यायचं आणि पुन्हा त्याच चाकोरीतून पुढं घालायची. दुसऱ्या खेपेला ती थोडी जास्त जाते, तिसऱ्या खेपेला आणखी थोडी. प्रत्येक खेपेला खालची पट्टी पक्की होत जाते. चाक जागेवर फिरू दिलं तर मात्र खेळ संपला. तळचा बर्फ वितळून लगेच पुन्हा गोठतो, टणक आणि गुळगुळीत होतो, मग बेलचा घेऊन उतरण्याशिवाय इलाज नाही. खोली जोखायची ती ॲक्सलच्या उंचीवरून. बर्फ त्याच्या फार वर असला तर तो गाडीच्या पोटाखाली दाबला जातो, गाडी त्याच्यावर टेकते आणि चाकं नुसती फिरत राहतात. साखळ्या चढवायच्या त्या अडकल्यावर नव्हे, आधी. थोडं अंतर गेल्यावर खाली उतरून त्या पुन्हा ताणायच्या. नवी पोरं हे दुसरं ताणणं टाळत, आणि सुटलेली साखळी मडगार्ड फोडून काढी.

इथल्या काळ्या रानात हे सगळं उलटं होतं.

आमची माती काळ्या पाषाणाची, बेसॉल्टची. परभणीच्या कृषी विद्यापीठातल्या एका माणसानं मला एकदा तिचं गुपित सांगितलं. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं, त्याचे पापुद्रे इतके बारीक की डोळ्याला दिसत नाहीत. पाणी त्या पापुद्र्यांच्या मधे शिरतं, त्यांना एकमेकांपासून दूर सारतं आणि माती फुगते. उन्हाळ्यात तेच पाणी निघून गेलं की ती आकसते. मे महिन्यात आमच्या रानात भेगा पडतात त्यात कोपरापर्यंत हात जातो. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, आणि त्याच लातूरच्या मातीत पाच-सहा महिन्यांनी माणूस गुडघाभर रुततो, याचं आम्हाला आश्चर्य वाटत नाही.

अशी भिजलेली माती चाकाखाली दबत नाही. दबायला तिच्यात हवाच उरलेली नसते, सगळं पाणी असतं आणि ते पटकन निघून जात नाही. तिच्यावरून गाडी एकदा गेली की ती कणकेसारखी तिंबली जाते. दुसऱ्यांदा गेली की आणखी मऊ. म्हणून बर्फात जी युक्ती मला तारायची, आपल्याच चाकोरीतून पुन्हा पुन्हा जाण्याची, ती इथं गाडीला टप्प्याटप्प्यानं खाली नेते. इथं दर खेपेला नवी जागा धरायची. पहिल्या ट्रॅक्टरनं पाडलेल्या चाऱ्या कितीही सोयीच्या दिसल्या तरी त्यात चाक घालायचं नाही. त्यांच्या शेजारून, जमलं तर बांधाकडेच्या हरळीवरून जायचं. हरळीच्या मुळ्या माती बांधून ठेवतात, तिथं गाडीला आधार मिळतो. पाचटावरून, तणावरून, कापणी झालेल्या सोयाबीनच्या धसकटांवरूनसुद्धा चाललं, पण उघडी काळी टाळायची.

त्यातही महिन्यामहिन्याचा फरक आहे. मृगाचा पहिला पाऊस पडतो तेव्हा वरची चार बोटं भिजलेली असतात आणि खाली टणक जमीन. गाडी आडवीतिडवी घसरते, पण रुतत नाही. अशा वेळी टायरमध्ये हवा भरपूर ठेवायची म्हणजे चाक चिखल कापून खालच्या टणकाला टेकतं. अरुंद टायर या दिवसांत रुंद टायरला भारी पडतं, हे नव्या थारवाल्यांना पटत नाही. भादव्यापर्यंत रान तळापर्यंत प्यालेलं असतं, खाली टेकायला काही उरत नाही. तेव्हा मी हवा पंधरा-सोळा पौंडांवर आणतो, चाक पसरतं आणि गाडी वर राहते. त्याहून कमी केली तर ट्यूबचं टायर रिमवर सरकतं आणि व्हॉल्व्ह उपटतो. पाऊस उघडून दोन उन्हं पडली की काळी वरून पांढुरकी दिसू लागते, माणूस चालत गेला तर पाय भरत नाही, आणि लोक म्हणतात वाफसा आला. पायाला आला असेल, गाडीला अजून आलेला नसतो. बर्फावरही दुपारचं ऊन आणि रात्रीची थंडी मिळून अशीच खपली धरते, माणसाला पेलते आणि गाडीला फसवते. म्हणून दोन्हीकडं मी आधी उतरून पायी जातो. तिथं काठी घेऊन, इथं पहार घेऊन. पहार आपल्या वजनानं किती आत जाते ते पाहिलं की पुढचं ठरतं.

चारही चाकांना ताकद असते म्हणजे गाडी कुठूनही निघते, हा समज जाहिरातींनी पसरवलाय. साध्या डिफरन्शियलची गाडी असेल तर ताकद त्या चाकाकडं पळते ज्याला फिरणं सोपं. पुढचं एक आणि मागचं एक, अशी दोन चाकं भिंगरतात आणि उरलेली दोन स्तब्ध. तेव्हा रेस देणं म्हणजे खड्डा खणणं. एकच उपाय कधी कधी चालतो: ॲक्सिलरेटर अगदी हलका ठेवून डाव्या पायानं ब्रेक किंचित दाबायचा. भिंगरणाऱ्या चाकाला थोडा विरोध झाला की त्याची ताकद शेजारच्याकडं जाते. गाडी हलली तर हलली. नाही हलली तर इंजिन बंद करून खाली उतरायचं.

जिप्सीच्या पुढच्या चाकांना हब असतात, ते हातानं फिरवून लॉक करावे लागतात. चिखलात शिरण्याआधी, डांबरीवर उभं राहूनच हे करायचं. एकदा रुतल्यावर तो हब चिखलाच्या आत गेलेला असतो आणि त्याची खाच बोटांना सापडत नाही. दुसरी गोष्ट मडगार्डची. काळी माती टायरला धरते, टायर ती मडगार्डमध्ये नेऊन ठेचतं, आणि थोड्या वेळानं चाक मातीनंच जाम होतं. सायकलवाले म्हणूनच पावसाळ्यात मडगार्ड काढून ठेवतात. मी सीटखाली खुरपं ठेवतो. हायवेवरच्या गॅरेजवाल्यानं त्यावरून माझी थट्टा केली होती, पण त्याच्या पान्यांपेक्षा खुरप्यानं माझी जास्त कामं झाली आहेत.

एका परतीच्या पावसात शेजारचे तात्या आखाड्यावरून आपली लाल कंधारी जोडी घेऊन आले, तो प्रसंग सांगण्यासारखा आहे. सोयाबीनची पोती भरलेला एक पिकअप पांदणीत रुतला होता. त्याला ओढायला आलेला ट्रॅक्टर बाजूच्या रानात मागच्या चाकांवर बसला होता, आणि ट्रॅक्टरवाल्याच्या हट्टापायी मी जिप्सी जवळ नेली तर तीही बुडाला लागली. तात्यांनी आधी सगळीकडं फिरून पाहिलं.

"मेजर, ती घरघर बंद करा आधी."

"बंद केली, तात्या."

"आता पोती उतरवा. अन् सुरुवात लहान गाडीपासून."

पोती उतरवली. मग त्यांनी पहारीनं जिप्सीच्या पोटाखालची माती दोन्ही बाजूंनी फोडायला लावली. चिखल नुसता अडवत नाही, तो खालून धरून ठेवतो. ती पकड हवा शिरल्याशिवाय सुटत नाही. चाकांपुढं उतार खणला आणि त्यात तुराट्यांच्या पेंढ्या आडव्या टाकल्या. जुवाला साखळी बांधली, साखळीवर ओलं गोणपाट टाकलं, तुटली तर ती उसळू नये म्हणून. मी मनात धरलं होतं की आलो त्या वाटेनं मागं ओढायचं, फौजेतली सवय. तात्यांनी बैल तिरके लावले, बांधाकडं, जिकडं कुणी तुडवलं नव्हतं तिकडं. मी दुसऱ्या गिअरमध्ये नुसतं इंजिन चालू ठेवलं. बैल गुडघ्यापर्यंत आत जात होते आणि प्रत्येक पाऊल सरळ वर उपसून पुढं टाकत होते. खुर आत जाताना फाकतो आणि वर येताना मिटतो, त्यामुळं सुटतो. चाकाला पाय उचलता येत नाही, त्याला चिखल लोटतच जावं लागतं. गाडी हरळीवर चढली तेव्हा तात्या बैलांच्या पाठीवरून हात फिरवत होते, माझ्याकडं त्यांचं लक्षही नव्हतं. ट्रॅक्टर मात्र तिथंच राहिला आणि चार दिवसांनी, खरा वाफसा आल्यावर निघाला.

सगळीकडं असं नाही. देगलूर-बिलोलीकडं काळा पाषाण संपून ग्रॅनाइट लागतो, रान हलकं होतं, पाणी निथळतं, तिथल्या ड्रायव्हरांना आमच्या कहाण्या वाढवून सांगितल्यासारख्या वाटतात. उदगीरकडच्या माळावर मुरूम आहे. पण आमच्याकडं आणि गोदावरीच्या कडेनं खोल काळीच. अर्धापूरकडं केळीचे घड पावसातही बाहेर काढावे लागतात, तिथली माणसं काळजी कशी घेतात ते मी जाऊन पाहिलंय. ती माल गाडीपर्यंत डोक्यावर आणतात आणि गाडी डांबरीवरच उभी ठेवतात. मला विचाराल तर हे सगळ्यात शहाणं ड्रायव्हिंग.

राज्य सरकारनं २०२१ मध्ये पाणंद रस्त्यांसाठी मातोश्री ग्रामसमृद्धी योजना काढली, तेव्हापासून आमच्या पांदणीचं मोजमाप, अतिक्रमण आणि भरणा यांवर गावात बैठका चालू आहेत. नुसता मुरूम टाकून भागत नाही, एका पावसाळ्यात काळी तो गिळते; खाली दगडाचं सोलिंग, वर मुरूम, रोलर आणि दोन्ही बाजूंना नाल्या हव्यात, हे मी प्रत्येक बैठकीत बोलतो. तसा रस्ता झाला तर त्यावरून मारुती आठशेसुद्धा जाईल आणि मेजरला निरोप यायचे थांबतील. मग मी जिप्सी विकायला काढीन. तात्यांच्या भाच्यानं आत्ताच भाव विचारून ठेवलाय, फक्त खुरपं त्यात धरायचं की नाही यावर आमचं अजून जमलेलं नाही.