जनावरांसाठी बाजूला काढलेला मका

नाशिक जिल्ह्याच्या पूर्व भागात, येवला-नांदगावच्या मुलखात, पशुवैद्यक म्हणून नोकरी करीत असताना ज्या एका समजुतीशी मला सातत्याने झगडावे लागले, ती ही की, जे धान्य माणसाच्या ताटात वाढण्याजोगे उरले नाही, ते जनावराच्या दावणीत घालण्यास काही प्रत्यवाय नाही. या समजुतीच्या मुळाशी काटकसर आहे, आणि म्हणूनच ती मोडणे कठीण. कारण दाणा वाया घालविणे जेथे पाप मानतात, तेथे दाणा फेकून द्या असे सांगणाऱ्याचे बोलणे सहसा कोणाच्या गळी उतरत नाही.

एके वर्षी परतीचा पाऊस दसरा उलटला तरी हटेना. मक्याची सोंगणी झालेली, बिट्या खळ्यावर पडलेल्या, आणि सरीच्या चाहुलीसरशी त्यांवर ओढलेली ताडपत्री ऊन पडल्यावरही कोणी काढीत नव्हते, कारण पुढच्या सरीचा भरवसा नव्हता. अशाच एका ढिगातला मका मळून बाजार समितीच्या आवारात गेला असता ओलाव्यापायी त्याचा भाव पडला. तेव्हा मालकाने त्यातल्या त्यात बरी पोती विकली, आणि काळवंडलेला जिन्नस घरी आणून, भरडून, गुरांच्या आंबोणात घालण्यास प्रारंभ केला.

पुढे काही आठवड्यांनी मला बोलावणे आले, तोवर दुभत्या गाईचे दूध निम्म्यावर आले होते, तिच्या अंगाची तकाकी गेली होती, आणि नुकतेच भरड्याला लागलेले वासरू दगावले होते. शवविच्छेदनात त्याचे यकृत फिकट, पिवळसर आणि निबर आढळले. कोठीतल्या पोत्यात मी कोपरापर्यंत हात घातला तो आतला मका उबदार लागला. कुबट वास आला आणि बोटांना हिरवट पिवळी भुकटी चिकटली. प्रयोगशाळेकडे रवाना केलेल्या नमुन्याचा अहवाल यथावकाश आला, त्यात अफ्लाटॉक्सिन या बुरशीजन्य विषाचा निर्वाळा होता.

“डॉक्टरसाहेब, माणसांनी यातला एक दाणा तोंडात घातला नाही हो,” घरातल्या आजी काकुळतीने सांगू लागल्या, “सगळा गाईलाच घातला.”

“आणि गाईचं दूध, आजी?”

“ते नातवंडांना.”

मग मला ओसरीवर बसून सगळे समजावून सांगावे लागले, की या बुरशीचे विष गाईच्या यकृतात रूपांतर पावून काही अंशाने दुधात उतरते. दूध उकळल्याने किंवा भाकरी भाजल्याने ते नष्ट होत नाही. मात्र दूषित भरडा बंद केला तर थोड्याच दिवसांत दूध निवळते. त्यांना मी १९७४ सालची कैफियतही सांगितली. त्या वर्षी राजस्थानातील बांसवाडा आणि गुजरातेतील पंचमहाल या जिल्ह्यांत अवकाळी पावसाने भिजलेला मका खाऊन आदिवासी वस्त्यांत काविळीची साथ उसळली आणि शंभराहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने तपासलेल्या मक्यात दर किलोस ६.२५ ते १५.६ मिलिग्रॅम विष निघाले. आज धान्यासाठी मान्य असलेली मर्यादा दर किलोस १५ मायक्रोग्रॅम आहे, म्हणजे ते प्रमाण तिच्या चारशेपटींहूनही अधिक. त्या घरांतले कुत्रेही त्याच लक्षणांनी मेले होते. माणसाचे अन्न आणि जनावराचे अन्न यांमध्ये आपण घातलेली सीमा त्या विषाला ठाऊक नव्हती.

माझी ठाम धारणा अशी, की या आपत्तीवर औषध शोधण्यापेक्षा मळणी आणि थप्पी यांमधल्या चार दिवसांची खबरदारी घेणे अधिक फलदायी आहे. मका पोत्यात भरण्यापूर्वी त्याचा ओलावा शेकडा १३ च्या आसपास यावा. मळणी यंत्रात फुटलेले दाणे चाळून वेगळे करावेत, कारण बुरशी आधी त्यांतच शिरते. थप्पी लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून दूर रचावी. ओलावा मोजण्याचे यंत्र घरोघर कोठून येणार? परंतु कोरड्या काचेच्या बाटलीत तिसरा हिस्सा मका आणि दोनतीन चमचे कोरडे मीठ घालून ती हलवावी व पाव तास ठेवावी; मीठ काचेला चिकटले तर ओलावा शेकडा १५ हून अधिक आहे असे समजून मका पुन्हा उन्हात पसरावा. अर्थात ऊनच नसेल तेथे हा उपदेश लंगडा पडतो, आणि म्हणून गावोगावी सामाईक सुकवणी यंत्राची तजवीज व्हावी, ही मागणी मी मासिक बैठकांतून वारंवार मांडीत आलो.

आजींनी माझे सारे ऐकून घेतले आणि विचारले, “मग उरलेलं टाकू कुठं? उकिरड्यावर टाकलं तर कोंबड्या उकरतील.” हा प्रश्न माझ्या कोणत्याही पत्रकात नव्हता. अखेर गोठ्यापासून आणि विहिरीपासून दूर, बांधाच्या कडेला कमरेइतका खड्डा खणण्याचे ठरले. मुलाने ती पोती स्वतः वाहून नेली, आणि त्यांचे बारदानही आजींनी वर ठेवू दिले नाही.