सुसी, चुमा आणि एक तळटीप

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात आमच्या धर्मग्रामातील एक विद्यार्थिनी अठरा पानांची चळत घेऊन माझ्या कचेरीत आली. ती इतिहास विषयात एम.ए. करीत होती आणि नाशिकच्या शरणपुरात वाढलेल्या आफ्रिकन मुलांवर तिला प्रबंधिका लिहायची होती. आई द्राक्षबागेत कामाला जाणारी. त्या घरात प्रबंधिका हा शब्दच प्रथम उच्चारला गेला होता. "फादर, नुसती नजर फिरवा," ती म्हणाली.

विषय ऐकून मला आनंद झाला, कारण तो थोडासा माझाही होता. शरणपूर रोडवरील दुकानांच्या पाट्यांवर हे नाव पावलोपावली दिसते. पण येथे शरण कोण आले होते, हे विचारणारा विरळाच. चर्च मिशनरी सोसायटीचे रेव्ह. विल्यम सॉल्टर प्राइस यांनी १८५४ साली ही वसाहत वसविली. पुढे इंग्रजी आरमाराने गुलामांच्या गलबतांवरून सोडविलेली आफ्रिकन मुले येथे आणण्यात आली. ती येथे लिहावाचायला आणि हाताचे काम करायला शिकली. त्यांतील काही डेव्हिड लिव्हिंगस्टनच्या अखेरच्या प्रवासात सामील झाली. मिशन रविवारच्या प्रवचनात ही कथा मी वर्षानुवर्षे सांगत आलो होतो.

त्या अठरा पानांत मात्र इतिहास फार थोडा होता. 'करुणेच्या सागराने गुलामांच्या बेड्या तोडल्या' अशा वाक्यांची रेलचेल होती. सातव्या पानावर भाषेची चाल एकाएकी बदलली. दोन पाने कोणत्याशा पुस्तकातून जशीच्या तशी उतरली होती. मी विचारले तेव्हा ती गोरीमोरी झाली. "सगळेच असे करतात, फादर." ती खोटे बोलत नव्हती. दुसऱ्याचे वाक्य अवतरणचिन्हांत ठेवावे, हे तिला शाळेपासून कोणी सांगितलेच नव्हते. उलट पाठांतराला गुण मिळाले होते.

सेमिनरीत आमच्या एका प्राध्यापकांनी टिपणकार्डांची शिस्त लावली होती. एका कार्डावर एकच गोष्ट, कोपऱ्यात ग्रंथ आणि पृष्ठ. आपले मत लिहायचे तर पेन्सिलीने. मी तिला एवढेच शिकविले. (त्या काळी आम्ही या कार्डांना पत्त्यांचा डाव म्हणत असू.) बाकीचे तिचे तिने केले. १८४० साली स्थापन झालेल्या सार्वजनिक वाचनालयात ती जाऊ लागली. १८८३ चे नाशिक गॅझेटिअर तिने चाळले. होरेस वॉलर यांनी १८७४ मध्ये संपादित केलेली लिव्हिंगस्टनची अखेरची रोजनिशी मिळवून, शब्दकोश उशाशी ठेवून, तिने दोन्ही खंड वाचले.

त्या वाचनात तिला जेकब वेनराइट भेटला. १८७२ साली स्टॅन्लीने लिव्हिंगस्टनकडे पाठविलेल्या माणसांत शरणपूरचे सहा तरुण होते. त्यांतला हा एक. १ मे १८७३ रोजी आजच्या झांबियातील चितांबोच्या गावी लिव्हिंगस्टन वारला. सोबत्यांनी त्याच्या पेट्या सर्वांसमक्ष उघडल्या आणि एकेका वस्तूची नोंद करायला जेकबला बसविले, कारण त्याला लिहिता येत होते. दफनविधीची प्रार्थना त्यानेच वाचली, झाडावरील लेख त्यानेच कोरला. शव समुद्रकिनाऱ्यापर्यंत खांद्यांवरून नेण्यात आले आणि १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबेतील अंत्ययात्रेत जेकबही होता. त्या दिवसांची त्याची स्वतःची रोजनिशी आहे.

"फादर, शरणपुरात शिकलेला मुलगा यादी करतो आहे," ती मला सांगत होती, "आणि मी विशेषणे लावत बसले होते!"

तिची वाक्ये आखूड होऊ लागली. एका प्रकरणात तिने लिहिले : 'मुले येथे कशी आली, हे कागदपत्रांवरून समजते. त्यांना येथे राहावयाचे होते काय, हे सांगणारा कागद मला मिळाला नाही. जेकबचे आईवडिलांनी ठेवलेले नावही मिळाले नाही.' त्या तीन वाक्यांवर मी बराच वेळ थांबलो. अशी कबुली मला माझ्या प्रवचनात कधी द्यावीशी वाटली नव्हती.

आणि मग ती गोष्ट घडली. गेल्या फेब्रुवारीत, टंकलेखनाला देण्याच्या आदल्या संध्याकाळी, ती कार्डांचा गठ्ठा घेऊन आली. बराच वेळ बोलेना. शेवटी म्हणाली, "सुसी आणि चुमा शरणपूरचे विद्यार्थी होते, असे आपण प्रवचनात सांगता. मी तसे लिहिलेही होते. पण चुमाला लिव्हिंगस्टनने मुंबईला डॉ. जॉन विल्सन यांच्याकडे ठेवले होते. सुसी मुंबईच्या गोदीत काम करीत होता. आपण हे कोठे वाचले होते, फादर?"

मी कपाट उघडले. प्रवचनांच्या वह्या काढल्या. जुन्या वहीत ते वाक्य होते, त्याखाली दुहेरी रेघही होती. ग्रंथ नाही, पृष्ठ नाही. क्षणभर राग आला, हे लपवीत नाही. आता हिने मला शिकवायचे! सरळ सांगून टाकावे, वाचले होते कोठेतरी, असेही मनात आले. माझ्या शब्दाखातर तिने ते वाक्य तसेच ठेवलेही असते. आमच्याकडे धर्मगुरूला आधार विचारण्याची रीत नाही. ती उभीच होती.

"आधार नाही माझ्याजवळ," मी म्हणालो.

"मग मी तळटीप देऊ का? 'अशी समजूत स्थानिक प्रवचनांतून ऐकू येते. लेखी आधार मिळाला नाही.' आपले नाव घालणार नाही."

"घाल," मी म्हणालो. "तारीखही घाल. ऐकलेस तो रविवार लिहून ठेवला आहेस ना?"

तिने कार्ड पुढे केले. कोपऱ्यात तारीख होती.