गाठीचे पैसे

प्रवासभत्त्याचे बिल लिहावयास बसलो, की अलीकडे मला त्रिनिदादच्या मुली आठवतात. बदलीच्या गावी विश्रामगृहात पथारी टाकून आगाऊ रकमेची वाट पाहणे आपल्यापैकी कुणाला नवे आहे? पण २०१४ च्या ऑक्टोबरात त्या चिमुकल्या कॅरिबियन देशाचा महिला फुटबॉल संघ विश्वचषकाच्या पात्रता-सामन्यांसाठी अमेरिकेत डॅलसला उतरला, तेव्हा साऱ्या संघापाशी मिळून होते अवघे ५०० डॉलर! विमानतळावर न्यावयास गाडी नाही, सरावाला चेंडूदेखील नाहीत. प्रशिक्षक रँडी वॉल्ड्रम हे स्वतःच बिनपगारी. त्यांनी भीडभाड न ठेवता जगाकडे मदत मागितली.

मदत आली. पण माझे मन रेंगाळते ते हैतीच्या मुलींपाशी. २०१० च्या भूकंपाने त्यांचा देश उद्ध्वस्त केलेला, आणि त्याही वर्गणीवरच खेळावयास आलेल्या. त्यांनी आपल्या गाठीचे १,३१६ डॉलर त्रिनिदादला देऊ केले. (पुढे ते परत गेले, हा भाग निराळा.) आणि हे दोन्ही संघ एकाच गटात! थोड्याच दिवसांत त्यांची गाठ पडली, तेव्हा त्रिनिदादने हैतीला १-० असे हरविले. उपकारकर्तीच्या जाळ्यात चेंडू धाडताना पाय क्षणभर अडखळला असेल काय? मला वाटते, नसावा. अडखळता, तर त्या डॉलरांचाच अपमान होता.

त्रिनिदादचेही स्वप्न डिसेंबरात पोर्ट ऑफ स्पेनला, सामना संपता संपता, इक्वेडोरच्या एकमेव गोलाने भंगले. हैतीच्या मुली मात्र २०२३ साली विश्वचषकात उतरल्या. तिन्ही सामने हरल्या.