नावेवर नाव

धर्माबाद,
ता. १४ ऑक्टोबर

चि. भाच्यास,


तू नवी फायबरची नाव घेतलीस हे कळल्यावर तुझ्या मामीनं देवापुढं साखर ठेवली. दिवाळीनंतर ती बाभळीच्या पाण्यावर आणणार म्हणालास, म्हणून हे पत्र. फोनवर बोललेलं विसरलं जातं, कागद राहतो. नाव पाण्यात घालण्याआधी एकदा नीट वाच.

माझी नाव चोरीला गेली होती हे तुला माहीत आहे. ती परत कशी मिळाली, हे मात्र मी कुणाला नीट सांगितलेलं नाही. चार वर्षांपूर्वीचा डिसेंबर होता. पहाटे घाटावर गेलो तर खुंट्याला नुसता दोर लोंबत होता. तक्रार द्यायला गेलो तिथं पहिलं उत्तर मिळालं, वाहून गेली असेल, चार दिवस शोधा. मीही गोंधळलो आणि दोन दिवस खालच्या अंगाला फिरत बसलो. त्या दोन दिवसांची हळहळ अजून जात नाही, कारण डोकं ठिकाणावर असतं तर उत्तर माझ्या हातातच होतं.

बाभळीच्या बंधाऱ्याचं वेळापत्रक तुला पाठ हवं. सर्वोच्च न्यायालयानं २८ फेब्रुवारी २०१३ ला निकाल दिला, त्याप्रमाणे १ जुलैला चौदाही दरवाजे उघडायचे आणि २८ ऑक्टोबरपर्यंत उघडेच ठेवायचे. मग दरवाजे खाली येतात, पाणी अडतं. १ मार्चला ०.६ टीएमसी पाणी तेलंगणाकडं सोडावं लागतं. आपण हे सगळं शेतीच्या पाण्याच्या हिशेबानं बोलतो, पण नावेच्या चोरीचा तपासही याच तारखांनी चालतो. डिसेंबरात दरवाजे बंद, पाणी तळ्यासारखं उभं. सुटलेली नाव जाऊन जाऊन कुठं जाईल? फार तर वाऱ्यानं समोरच्या काठाच्या झुडपांत अडकेल. ती तिथं नसेल तर कुणीतरी वल्हवत किंवा ओढत नेलेली आहे, आणि बंधारा आडवा असल्यामुळं वरच्या अंगालाच नेलेली आहे. पावसाळ्यात याच्या उलट. दरवाजे उघडे असताना सुटलेली नाव कंदकुर्तीचा संगम, बासरचा पूल ओलांडून श्रीरामसागरच्या फुगवट्यात जाते. तेव्हा पहिला फोन खालच्या लोकांना करायचा. तिकडं नावेला पडव म्हणतात, हा शब्द ध्यानात ठेव.

दुसरी खूण दोराची. तुटलेल्या नायलॉनच्या दोराचं टोक पिंजारलेलं असतं, पीळ उलगडून तंतू मागंपुढं झालेले दिसतात. कोयत्यानं कापलेलं टोक सपाट असतं, सगळे तंतू एका पातळीत. माझ्या दोराचं टोक तर वितळून गोळा झालं होतं, म्हणजे कुणीतरी काडी लावून जाळला होता. मी तो बघितला आणि रागानं पाण्यात भिरकावला. पुरावा स्वतःच्या हातानं बुडवला! तू तसं करू नकोस. दोर जिथं आहे तिथंच राहू दे, फोटो काढ, पंचनाम्यात त्याचा उल्लेख करायला लाव.

आता नाव चोरतं कोण, ते ऐक. मासे मारायला आपली नाव कुणी चोरत नाही, भोयांची एकमेकांची नाव लांबून ओळखू येते. नाव लागते ती रात्रीच्या वाळूला. पात्रातून वाळू काढायची, तराफ्यावर किंवा बोटीवर इंजिन बसवायचं, पहाटेच्या आत काठावर ढीग लावायचा. स्वतःची बोट वापरली तर पकडल्यावर नुकसान, म्हणून दुसऱ्याची. महसूलचं पथक आलं की माणसं पाण्यात उड्या टाकून पळतात आणि बोट सापडते. मग आपल्या नांदेड जिल्ह्यात काय होतं ते तू वर्तमानपत्रात वाचतोसच: जिलेटिन लावून बोटी उडवतात, तराफे जाळतात. अवैध उपसा थांबवायला ते करतात, त्याला माझा विरोध नाही. पण त्या ढिगाऱ्यात एखाद्या गरिबाची चोरलेली नाव असेल तर त्याचं घर दोनदा लुटलं जातं, आणि दुसऱ्यांदा कुणाच्या ध्यानातही येत नाही.

माझी नाव अकराव्या दिवशी तशीच सापडली. वरच्या अंगाला पथकानं तीन बोटी काठावर ओढल्याचा फोटो एका ओळखीच्या पोरानं मोबाइलवर पाठवला. त्यातली एक काळ्या रंगानं फासलेली होती, माझी निळी. पण नाळेचा बाक ओळखीचा वाटला. फिर्यादीची प्रत खिशात घालून मोटारसायकल काढली. पोचलो तेव्हा पहिल्या बोटीचं काम झालं होतं. मी हात जोडले, म्हणालो, साहेब, मधली फळी उचलून बघा. फळीखाली आदल्या वर्षी मी फायबरचं ठिगळ लावलं होतं. रेझिन ओलं असताना तुझ्या मामीचा हात लागला, बांगडी फुटली आणि हिरव्या काचेचा नखाएवढा तुकडा त्यात तसाच बसला. चोरांनी बाहेरून रंग फासला, आतून फासला, पण फळीखाली हात घातला नव्हता. अधिकाऱ्यांनी वाकून बघितलं, बोटानं चाचपलं आणि नाव बाजूला ठेवायला सांगितलं. बत्तीस हजारांची नाव एका काचेच्या तुकड्यावर वाचली.

तो तुकडा योगायोगानं बसला होता. तू खूण मुद्दाम कर. अमेरिकेत १९७२ पासून प्रत्येक बोटीच्या मागच्या अंगावर बारा अक्षरांचा क्रमांक असतो, आणि १९८४ पासून तोच क्रमांक आत कुठंतरी लपवून दुसऱ्यांदा कोरतात. दिसणारा घासून काढला तरी दुसरा राहतो. आपल्याला त्यासाठी कारखाना नको. बाहेर दोन्ही अंगांना तुझं नाव आणि गाव ठळक रंगव. आत दोन जागी, फळीखाली आणि नाळेच्या कोपऱ्यात, तापलेल्या खिळ्यानं तीच अक्षरं कोर आणि वरून रेझिनचा हात फिरव. कुठं कोरलंस ते घरातल्या एकाच माणसाला सांग. मग चारी बाजूंचे आणि त्या लपवलेल्या खुणांचे फोटो काढून तुझ्या आईच्या मोबाइलवरही पाठवून ठेव. इंजिन बसवशील तेव्हा त्याचा नंबर पावतीवर लिहून घे. पावती पक्कीच घे, चारशे रुपये वाचवायला कच्च्या चिठ्ठीवर भागवू नकोस. मच्छीमार संस्थेच्या नोंदवहीत नाव चढव, सचिवाची सही घे. २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्यात यांत्रिक बोटींच्या नोंदणीबरोबर बिनइंजिनच्या नावांची नोंद स्थानिक संस्थेकडं करायचीही तरतूद आहे. ग्रामपंचायतीत एक अर्ज देऊन पोच घेतलीस तरी उद्या तो कागद बोलेल.

समुद्रावर ही शिस्त फार मोठी किंमत मोजून आली. नोव्हेंबर २००८ मध्ये पोरबंदरची कुबेर ही मच्छीमार नौका दहशतवाद्यांनी भर समुद्रात बळकावली, खलाशांचा जीव घेतला आणि तिच्यातून ते मुंबईच्या तोंडाशी आले. त्यानंतर किनाऱ्यावर नौकांची नोंदणी, अंगावरचे क्रमांक, खलाशांची ओळखपत्रं यांत कडकपणा आला. आपल्या नदीवर कुणी विचारत नाही, म्हणून आपणच आपल्याला विचारायचं.

बांधण्याचं सांगतो. दोर फक्त दिवसा. रात्री साखळी, तीही फळीला नाही. फळी करवतीनं पाच मिनिटांत कापली जाते. नाळेच्या जाड भागातून आरपार बोल्ट घालून कडी बसव आणि साखळी बाभळीच्या बुंध्याला लाव. खुंटा उपटता येतो. कुलूप पितळेचं घे, लोखंडी गंजून तुझ्याच हातून उघडणार नाही. वल्ही रोज घरी आण, इंजिन उतरव. शेजारच्या दोन नावा आणि तुझी मिळून एकाच साखळीत बांधल्या तर फार चांगलं, म्हणजे तीन घरांची झोप त्या घाटावर राहते. आणि जूनअखेर दरवाजे उघडण्याआधी नाव वर ओढून पालथी घाल.

एवढं करूनही गेली, तर वाट बघू नकोस. त्याच दिवशी फिर्याद दे. १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या कायद्यात गुन्हा कुठंही घडला तरी कुठल्याही ठाण्यात फिर्याद नोंदवता येते, म्हणजे नाव पलीकडच्या राज्यात दिसली म्हणून हद्दीचं कारण सांगून तुला परत पाठवता येत नाही. फिर्यादीची प्रत फुकट मिळते, ती मागून घे. किंमत खरी लिही. जुनी आहे म्हणून चार हजार सांगितलेस तर पाच हजारांच्या आतली चोरी म्हणून प्रकरण हलकं पडतं. आणि त्याच दिवशी प्रतीसह एक अर्ज तहसीलला दे: माझी नाव चोरीस गेली आहे, या खुणा आहेत, वाळूच्या कारवाईत सापडल्यास नष्ट करण्याआधी मला बोलवावं. पोचेचा शिक्का घे. मी असा अर्ज दिला नव्हता, फोटो आला म्हणून मी पोचलो. सगळ्यांनाच फोटो येत नाही.

नाव ठाण्यात जमा झाली तर तिथं कुजू देऊ नकोस. सुंदरभाई अंबालाल देसाई खटल्यात २००२ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं आहे की जप्त मुद्देमाल उगाच ठाण्यात पडू न देता फोटो आणि पंचनामा करून बंधपत्रावर मालकाकडं द्यावा. वकील लावून न्यायालयात सुपूर्दनाम्याचा अर्ज कर. माझी नाव मला तशीच मिळाली.

आणि एक शपथ घाल स्वतःला. नाव वाळूवाल्यांकडं दिसली तरी रात्री एकट्यानं सोडवायला जायचं नाही. नाव पुन्हा घेता येते. तसंच कुणी अर्ध्या किमतीत बिनपावतीची नाव दाखवली तर हात लावू नकोस. ती कुणाच्या तरी घाटावरून आलेली असते, आणि चोरीचा माल जाणूनबुजून घेणाराही गुन्हेगारच ठरतो.

२८ तारखेनंतर दरवाजे पडतील, पाणी चढेल. त्याआधी खुणा कोरून, फोटो काढून ये. दहा फूट साखळी आणि पितळेचं कुलूप मी आणून ठेवलं आहे, किल्ल्या दोन आहेत. एक तुझ्याकडं राहील, एक तुझ्या मामीकडं.

तुझा,
मामा