गाण्याची उसनवारी

आमच्याविषयीं ज्यांचें मत आजवर बरें आहे, अशा वाचकांस आरंभींच एक कबुली देऊन टाकणें आम्हांस भाग आहे. आमच्या घरांत चोरीचा माल आहे. तो सोन्याचांदीचा नसल्यामुळें पोलिसांस त्याचें अगत्य नाहीं, आणि कपाटाच्या तळच्या खणांत पत्र्याच्या दोन डब्यांत तो मावत असल्यामुळें शेजाऱ्यांच्या डोळ्यांवरहि येत नाहीं. हा माल म्हणजे त्रेचाळीस कॅसेटी आणि अलीकडे त्यांवरून संगणकांत उतरवून घेतलेलीं गाणीं. यांपैकीं दुकानांतून दाम मोजून आणलेल्या कॅसेटी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. बाकीच्या कोणाकडून तरी मागून आणून नकललेल्या, किंवा मैफलींत मांडीवर यंत्र ठेवून भरलेल्या.

आमचें बालपण मोहन्यास गेलें. कल्याणाहून कसाऱ्याकडे निघालेली गाडी शहाड मागें टाकून आंबिवलीस थांबते. तेथें उतरलें कीं मोहने जवळच. एके काळीं या गांवाचें घड्याळ म्हणजे एन. आर. सी.च्या रेयॉनच्या कारखान्याचा भोंगा. पाळी बदलली कीं तो वाजे, आणि त्याच्या हुकमानें वसाहतींतल्या चुली पेटत, मुलें शाळेस निघत व म्हातारीं माणसें औषधें घेत. २००९ सालीं कारखान्यास टाळें लागलें आणि भोंगाहि मुका झाला. पण त्या गोष्टीला त्या वेळीं अवकाश होता.

वसाहतींत गाण्याचे शौकीन पुष्कळ होते, आणि पैसेवाला त्यांत एकहि नव्हता. गाणें विकत घ्यावयाचें तर कल्याणास जावें लागे, आणि कल्याणास जावयाचें तर महिन्याच्या पहिल्या आठवड्यांतच जावें लागे. अशा स्थितींत एकानें नाट्यगीतांची एखादी कॅसेट आणली, म्हणजे ती वाणाच्या ताटासारखी घरोघर फिरे आणि परत येईपर्यंत तिला सात भावंडें झालेलीं असत. यांत कांहीं गैर आहे, हें कोणाच्या स्वप्नींहि नव्हतें. वाटीभर साखर उसनी आणावी, मिरच्यांचा खुडा मागून आणावा, तसेंच बालगंधर्वांचें गाणें आणावें. उलट साखरेची वाटी भरून परत करावी लागे आणि गाणें तर देणाऱ्याच्या घरीं होतें तसेंच राही. दिल्यानें विद्या वाढते, असें सुभाषितकारांनीं आम्हांस शाळेंतच सांगून ठेविलें होतें. आम्ही तें यंत्राच्या साहाय्यानें आचरणांत आणीत होतों इतकेंच.

परंतु सुभाषितें कितीहि गोड असलीं तरी गवयाच्या घरचा पिठाचा डबा त्यांनीं भरत नाहीं. हें ध्यानांत येण्यास आम्हांस बरींच वर्षें लागलीं. सात प्रतींमुळें सात कॅसेटींची विक्री बुडाली असें म्हणणें खोटें होईल, कारण त्या सात घरांपैकीं पांच घरांनीं ती कधींच विकत घेतली नसती. पण उरलेल्या दोघांनीं घेतली असती, आणि त्या दोघांत आम्ही होतों. आपल्याकडच्या कायद्यानेंहि गाणाऱ्याकडे बरेंच उशिरां पाहिलें. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानें कवीचा, संगीतकाराचा व ध्वनिमुद्रण करणाऱ्याचा हक्क मानला. प्रत्यक्ष गळा ज्याचा त्याचा हक्क मात्र १९९४ च्या दुरुस्तीनें प्रथम आला. त्याची मुदत आरंभीं पंचवीस वर्षें होती, ती १९९९ सालीं पन्नास झाली. चित्रपटाचें गीत लिहिणारास व त्याची चाल बांधणारास उत्पन्नाचा सारखा वाटा सोडतां येणार नाहीं, अशी तरतूद तर २०१२ सालची. तात्पर्य, आम्ही ज्यांचीं गाणीं वांटीत होतों, त्यांच्या पदरांत कायद्यानेंहि फार कांहीं टाकलें नव्हतें. मात्र दुसऱ्यानें कमी दिलें, म्हणून आपण मुळींच देऊं नये, हा युक्तिवाद आमच्या वडिलांनीं भाजीवाल्यापुढेंहि कधीं केला नसता.

आज त्या जुन्या सबबीला जागा उरलेली नाहीं. १९९९ सालीं अमेरिकेंत निघालेल्या नॅपस्टरनें आमच्या वसाहतीची उसनवारी साऱ्या जगांत नेली. न्यायालयाच्या आदेशानें तें दुकान २००१ सालीं बंद झालें, पण संवय कांहीं सुटली नाहीं. पुढें प्रसिद्ध झालेलें बहुतेक गाणें थोडक्या वर्गणींत, नाहीं तर जाहिराती सोसून, राजरोस ऐकावयास मिळूं लागलें. जुन्या तबकड्यांवरचा हक्क तर प्रसिद्धीनंतर साठ वर्षांनीं संपतो. १९५० पूर्वींच्या तबकड्या त्या दृष्टीनें केव्हांच मोकळ्या झाल्या. म्हणजे जें बाजारांत आहे तें घ्यावें आणि त्याचें मोल द्यावें, जें मोकळें झालें आहे तें मोकळ्या मनानें वांटावें. हा हिशेब शाळकरी पोरालाहि कळेल. आमची झोंप उडविली ती ज्याला ना दुकान ना मुदत, अशा गाण्यानें. घरगुती बैठकींत, पांचपंचवीस माणसांसमोर झालेलें आणि कोणीतरी भरून ठेविलेलें गाणें कोणाचें?

येथें आमच्या संगीताचा इतिहासच आम्हांस दोन्ही बाजूंनीं ओढतो. ग्वाल्हेरीच्या दरबारीं हद्दू खाँ व हस्सू खाँ यांनीं पडद्याआड बसून बडे महंमद खाँ यांची तान उचलली, अशी आख्यायिका आहे. म्हणजे ख्यालाच्या थोर घराण्याच्या पायांतच एक चोरून ऐकणें आहे! पंडित भातखंडे गांवोगांव हिंडले, उस्तादांच्या मिनतवाऱ्या केल्या, आणि पिढ्यान्‌पिढ्या कुलुपांत राहिलेल्या शेंकडों चिजा त्यांनीं क्रमिक पुस्तकमालिकेच्या सहा भागांत छापून काढल्या. कित्येक घराण्यांस तें रुचलें नाहीं. पण आज त्या पुस्तकांवांचून गाणें शिकविणारा विरळा. गदगचा एक मुलगा दुकानांत वाजणारी अब्दुल करीम खाँसाहेबांची तबकडी ऐकत उभा राही. त्यानें ती विकत घेतली नव्हती. पण त्या फुकटच्या श्रवणाचें वेड घेऊन तो १९३३ सालीं घरांतून पळाला आणि पुढें भीमसेन जोशी झाला. दुकानदारानें त्यास पायरीवरून हांकलून दिलें असतें, तर हिशेब चोख राहिला असता आणि महाराष्ट्र दरिद्री झाला असता.

याच्या उलट कल्याणचा अनुभव घ्या. कल्याण गायन समाजांत भास्करबुवा बखले यांच्या स्मरणार्थ देवगंधर्व महोत्सव होतो. आम्ही तेथें अनेकदां बसलों आहों. बालगंधर्वांचे गुरु, 'स्वयंवरा'च्या पदांचे चालकार, तीन घराण्यांची विद्या एका गळ्यांत सांठविलेला हा पुरुष १९२२ सालीं गेला, आणि त्याच्या आवाजाची एकहि मुद्रिका मागें नाहीं. गौहरजानचें गाणें गैसबर्गनें १९०२ सालींच कलकत्त्यास तबकडीवर घेतलें होतें. म्हणजे यंत्र देशांत होतें, बुवाहि होते, पण दोहोंची गांठ पडली नाहीं. कोण्या आगाऊ माणसानें चोरून का होईना दोन मिनिटें भरून ठेविलीं असतीं, तर आज त्या चोराला आम्हीं हार घातला असता. असा विचार मनांत येई, आणि आमच्या पत्र्याच्या डब्यांकडे आम्ही अभिमानानें पाहत असूं.

तो अभिमान एका कॅसेटीनें उतरविला. १९८६ च्या कोजागिरीस वसाहतींत आमच्या खोलींत एक बैठक झाली होती. कल्याणच्या एक वयस्क बाई गावयास आल्या होत्या. मुलींना गाणें शिकवून त्यांनीं संसार ओढला होता. त्यांची तबकडी कधीं निघाली नाहीं कीं मोठ्या व्यासपीठावर त्यांस कोणीं बोलाविलें नाहीं. त्यांची मुलगी मागें तंबोऱ्यावर बसली होती. बाईंनीं बागेश्रीचा ख्याल सुरू केला, तो विलंबितांत रंगला असतां रात्रपाळीचा भोंगा झाला. त्याचा सूर षड्जाशीं जुळेना. बाई थांबल्या, हंसल्या, "याला आधीं मिळवून घ्या," असें तबलजीस म्हणाल्या आणि पुन्हां गाऊं लागल्या. गाणें संपल्यावर त्यांचें लक्ष आमच्या यंत्राकडे गेलें. त्या वडिलांस म्हणाल्या, "आज घसा धरला होता. भरलेंच आहे तर घरांतल्या घरांत ऐका. बाहेर देऊं नका." वडिलांनीं मान हलविली. आम्हीहि हलविली.

वडील होते तोंवर ती कॅसेट घराबाहेर गेली नाहीं. त्यांच्या पश्चात् आम्हीं ती संगणकांत उतरविली आणि एका मित्राच्या आग्रहावरून पहिली बाजू त्यास पाठविली. "तुमच्यापुरतीच ठेवा," असें बजाविण्यास आम्ही विसरलों नाहीं. शब्द मोडतांनाहि आम्ही तो दुसऱ्याकडून घेत होतों! त्या मित्रानेंहि बहुधा पुढच्यास असेंच बजावलें असेल. वर्षाच्या आंत तें गाणें मोबाईलवरून फिरून आमच्याकडेच परत आलें. त्यावर एका ख्यातनाम गायिकेचें नांव होतें, आणि रागाच्या जागीं भीमपलास लिहिलें होतें.

त्यानंतर कल्याणांतील एका मैफलीच्या मध्यंतरांत एक बाई आमच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. "तुम्ही मोहन्याचे ना?" त्यांनीं विचारलें. त्या तंबोऱ्यावरच्या मुलीच्या केसांत आतां रुपेरी छटा होती. त्या म्हणाल्या, "भाचीनें गाणें पाठविलें. आवाज आईसारखा वाटला, पण नांव भलतेंच. मग भोंगा वाजला आणि आई बोलली. मी स्वयंपाकघरांत होतें. तेथेंच खालीं बसलें."

आम्हीं क्षमेचे शब्द जुळवूं लागलों. त्यांनीं ते ऐकून घेतले, पण त्यांचें लक्ष तिकडे नव्हतें. "आईला आवडलें नसतें," त्या सरळ म्हणाल्या. "त्या दिवशींचें गाणें तिला दुसऱ्या दिवशींपर्यंत खुपत होतें." आणि जरा थांबून, "कॅसेटीची दुसरी बाजू आहे का हो तुमच्याकडे? आमच्या घरीं आईचा आवाजच नाहीं."

दुसऱ्या दिवशीं आम्हीं मूळ कॅसेट नेऊन त्यांच्या हातीं दिली. ज्या नांवावर तें गाणें फिरत आहे तें खोडून त्यांच्या मातोश्रींचें नांव लागावें, यासाठीं दहा ठिकाणीं लिहिण्याची तयारीहि दाखविली. आम्हांस वाटलें, एवढ्यानें पापक्षालन होईल. त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "त्या खोट्या नांवाखालीं लोक वाहवा लिहितात, ती मी रोज वाचतें. आईचें नांव लावलें तर ऐकेल का कोणी? आणि नाहीं लावलें तर ती वाहवा कोणाची? विचार करून सांगतें."

तेव्हांपासून आम्ही या गोष्टीचा पुष्कळ विचार केला. गाणें वांटणें पाप आहे, असें आम्हांस आजहि वाटत नाहीं. भातखंड्यांचा आणि त्या गदगच्या मुलाचा पक्ष आम्हीं सोडलेला नाहीं. पण भातखंडे उस्तादांच्या दारीं बसत, नकार ऐकत, पुन्हां जात. आणि छापलेल्या चिजेखालीं राग कोणता हें तरी चुकवीत नसत. आमचा अपराध पैशाचा नव्हता. बाईंच्या गाण्याला बाजारांत किंमत नव्हती, म्हणून तर तें आम्हांस इतक्या सहज फुकट देतां आलें. आपलें कोणतें गाणें लोकांपुढें जावें, हें ठरविण्याचा एक हक्क त्या गरीब कलावतीपाशीं होता. आयुष्यभर दुसरा कोणताहि तिला मिळाला नाहीं, आणि हा होता तो आम्हीं एका बोटाच्या दाबानें खर्च करून टाकला. बाई हयात नव्हत्या हें खरें, पण मुलगी कल्याणांत होती. आंबिवलीहून कल्याण म्हणजे मधलें शहाड धरून दोन स्थानकें. गाणें पाठवावयास आम्हांस निमिष लागलें. विचारावयास अर्धा तास लागला असता, तो आम्हीं काढला नाहीं.

आतां आम्हीं उरलेल्या बेचाळीस कॅसेटींची एक वही केली आहे. गाणाराचें नांव, राग, स्थळ, तारीख, आणि शेवटच्या रकान्यांत 'विचारलें काय?'. कांहीं ठिकाणीं वारसांनीं आनंदानें होकार दिला. तें गाणें आम्ही नांवानिशीं मागेल त्यास देतों. एका घरीं स्पष्ट नकार मिळाला. ती फीत डब्यांत आहे आणि डब्यांतच राहील. कित्येकांपुढें रकाना कोरा आहे, कारण कोणास विचारावें हेंच कळत नाहीं, आणि फितींना तर बुरशी धरूं लागली आहे. त्रेचाळिसावी घरांत नसूनहि तिच्यासाठीं एक ओळ ठेविली आहे. वर्ष होऊन गेलें. तिच्यापुढें लिहिलें आहे : 'सांगतें म्हणाल्या.'