पंचेचाळीस की फॉर्टी-फाइव्ह?

कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्यांच्या डोक्यात एक छोटं मशीन कायम चालू असतं. कॅन्टीनचे काका म्हणतात ‘पंचेचाळीस’... आधी पाच, मग चाळीस. डोकं ते फिरवून ‘फॉर्टी-फाइव्ह’ करतं, तेव्हा कुठे पाकिटात हात जातो! किंमत तीच, क्रम उलटा.

कॉम्प्युटरचंही असंच. चार बाइट्सची संख्या ठेवताना मोठा बाइट आधी की लहान? इंटेलवाले लहान आधी ठेवतात, सनचे जुने स्पार्क मोठा आधी. डॅनी कोहेन यांनी १९८० साली या भांडणाला ‘बिग-एंडियन’, ‘लिटल-एंडियन’ ही नावं दिली, गलिव्हरच्या गोष्टीतून. तिथे अंडं कुठल्या टोकाने फोडायचं यावरून युद्ध होतं म्हणे!

रेग्युलर एक्स्प्रेशन म्हणजे मजकुरात शोधायचा नमुना. फिलिप हेझेल यांची पीसीआरई लायब्ररी तो आधी कंपाइल करते. हा कंपाइल केलेला माल फाइलमधून उलट्या क्रमाच्या मशीनवर नेला तर? त्यात एक खुणेची संख्या असते, पी-सी-आर-ई ही चार अक्षरंच. ती ई-आर-सी-पी अशी वाचली गेली, की लायब्ररी ओळखते, पाहुणा उलट्या गावचा!

मग सगळंच उलटं करून टाकायचं? अंहं, इथेच मेख आहे. १६-बिट लायब्ररीत बाइट्सच्या जोड्या उलटवाव्या लागतात, पण अक्षरगटाचा ३२ बाइट्सचा नकाशा जसाच्या तसा सोडायचा. ती संख्या नाहीच, २५६ अक्षरांची हो-नाहीची यादी आहे. म्हणजे उलटवणाऱ्याला कुठला बाइट कशासाठी आहे ते कळायला हवं. (‘छत्तीसचा आकडा’चं ‘थर्टी-सिक्स’ करून बघा. भांडणच गायब!)

२०१२ च्या ८.३० आवृत्तीत या कामाला स्वतंत्र फंक्शन मिळालं. २०१५ च्या पीसीआरई-२ मध्ये मात्र ती सोयच नाही: दोन्ही मशीन्सचा बाइट-क्रम सारखा हवा, नाहीतर मूळ नमुना न्या आणि तिथेच नव्याने कंपाइल करा. मला हे फार पटलं. ‘तू इंग्रजीत लिही, आपण भाषांतर करू’ असं या विभागाकडून सुचवलं गेलं, तेव्हा मी नको म्हटलं ते याच कारणाने. वेळ लागला, पण इथेच कंपाइल झालं.

आणि हो, ‘आता सगळीकडे लिटल-एंडियनच’ म्हणणाऱ्या सिनियर्सनी आयबीएमचे मेनफ्रेम विसरू नयेत. ते अजूनही अंडं मोठ्या टोकानेच फोडतात!