एक धावरा शब्द

इंग्रजीतल्या मोठ्या शब्दांची मला कधी धास्ती वाटली नाही. लांबलचक शब्द सरकारी साहेबासारखा असतो. नेमून दिलेले एक काम केले की तो मोकळा! खरी भंबेरी उडवतात ते दोन-तीन अक्षरांचे शब्द. 'रन' हा त्यांतला मेरुमणी. शाळेत त्याचा अर्थ 'धावणे' असा घोकावा, आणि पुढे पाहावे तो हा गडी धावणे सोडून बाकी सगळे करीत असतो.

इंग्रजीत नदी 'रन' करते, नाक 'रन' करते, दुकान 'रन' करते. धुतलेल्या कापडाचा रंग 'रन' करतो. इतकेच काय, अंथरुणाला खिळलेला माणूसही ताप 'रन' करतो! आपण या शब्दाची क्रिकेटमधली 'धाव' तेवढी उसनी घेतली. पण तिथेही गंमत अशी, की चेंडू सीमेपार गेला तर फलंदाजाने एक पाऊल न उचलता त्याच्या नावावर चार धावा लागतात.

ऑक्सफर्डचा थोरला इंग्रजी कोश 1989 साली दुसऱ्यांदा 20 खंडांत निघाला, तेव्हा सर्वांत लांब नोंदीचा मान 'सेट' या शब्दाकडे होता. नव्या संस्करणात, 2011 साली, 'रन' त्याच्याही पुढे गेला. क्रियापद म्हणून त्याचे 645 अर्थ निघाले! पीटर गिलिव्हर या संपादकांचे सुमारे 9 महिने या एकाच शब्दात गेले. आपल्याकडे तेवढ्या अवधीत घरात एक माणूस वाढते. वाफेची इंजिने आली, कारखाने आले, आगगाड्या आल्या, आणि इंग्रजीने जवळजवळ प्रत्येक यंत्राच्या गळ्यात हेच क्रियापद बांधले. कुटुंबात एखादी वहिनी कामाला 'नाही' म्हणत नाही, म्हणून सगळी कामे तिच्याच अंगावर पडतात, तसे या शब्दाचे झाले.

मराठीची तऱ्हा निराळी. आपली नदी वाहते, नाक गळते, रंग जातो आणि ताप भरतो. दर कामाला वेगळा गडी! निवडणुकीत अमेरिकेतला उमेदवार 'रन' करतो. इंग्लंडातला उभा राहतो. आपलाही उभाच राहतो आणि माघार घेतली की 'बसतो'. धावण्याचे काम कार्यकर्त्यांकडे.

मात्र आपल्याकडेही अशी एक वहिनी आहेच. तिचे नाव 'चालणे'. घड्याळ चालते, दुकान चालते, नाटक चालते, खटला चालतो. कुणाचे डोके चालते, कुणाचे नुसतेच तोंड चालते. पाहुण्याला विचारावे, 'चहा चालेल?', तर तो म्हणतो, 'पळेल!' इंग्रजीत जिथे जग धावते, तिथे मराठीत ते चालते.

वर्गात 'रन'चा विषय निघाला की एखादा विद्यार्थी हमखास विचारतो, "सर, यातले किती अर्थ पाठ करायचे?" मी त्याला सांगतो, "एकही नको. आधी तुझ्या घरात 'चालणे' कसे वापरतात, ते ऐकून ये."

माझे वडील गेले तेव्हा मी सातवीत होतो. पुढची अकरा वर्षे आईने शिवणयंत्रावर घर चालवले. या वाक्याचे इंग्रजी करायचे तर 'रन' हेच क्रियापद घालावे लागेल, आणि ते बरोबरही ठरेल. तरी माझे मन ते मानीत नाही. आईची दिवसभर धावपळ होई, पण घर मात्र चालत असे; त्याला धाप लागलेली तिने आम्हाला कधी दिसू दिली नाही. जिन्यात कुणी विचारले, "काय वहिनी, कसं चाललंय?" तर ती म्हणे, "चाललंय." त्या एका शब्दात आमची फी असे, खोलीचे थकलेले भाडे असे, वाण्याची उधारी असे. आणि फारच झाले, तर ती पदर खोचून म्हणे, "चालायचंच."

'चालायचंच'चा हा अर्थ कोणता कोशकार कोणत्या क्रमांकाखाली लिहील? तो शोधायला 9 महिने पुरणार नाहीत. मला तो समजायला अकरा वर्षे लागली.